पत, तारण आणि जामीन

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात राजारामपुरी, कोल्हापूर येथे केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात चार शब्द बोलावे अशी आज्ञा कार्यकारी मंडळाने आम्हांस केली आणि विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. अशा प्रसंगी ज्ञातीच्या पूर्वेतिहासाविषयी, पूर्वजांच्या कलाकौशल्याविषयी अथवा गुणवंत विद्यार्थ्यांच्या कर्तव्याविषयी बोलण्याचा प्रघात आहे, आणि ते विषय गौण आहेत असे आमचे म्हणणे नाही. तथापि आम्ही आज कर्जाविषयी बोलणार आहोत. आमचा हा बेत ऐकून एका वृद्ध स्नेह्यांनी विचारले, ‘वर्षाच्या सणाला कर्जाचे नाव कशाला काढता?’ त्यांना आम्ही एवढेच म्हणालो की, आपल्या समाजातील ज्या घरांत कर्जाचे नाव रोज निघते, त्या घरांतील माणसे आज या सभागृहात फारशी दिसत नाहीत. ती का आली नाहीत याचा विचार करावयास आजच्यासारखा दुसरा दिवस नाही.

आपण राजारामपुरीत बसलो आहोत. छत्रपती राजाराम महाराजांचे नाव धारण करणारी ही वसाहत आखीव गल्ल्यांची. पत्ता सांगताना गल्लीचा क्रमांक सांगितला की पुरे. मुख्य रस्त्याने बाईच्या पुतळ्याकडे चालत जावे, तर बँकांच्या आणि पतसंस्थांच्या पाट्या वाचतावाचताच वाट सरते. पैसे ठेवण्यास, काढण्यास, परगावी पाठविण्यास अथवा दागिन्यावर उचलण्यास कोणाला लांब जावे लागत नाही. जवळच्या शिवाजी उद्यमनगरात दिवसभर लेथवर उभा राहणारा आपला एखादा बांधव संध्याकाळी याच बाजूने गावाकडची एस.टी. गाठावयास जातो. त्याच्या खिशात एटीएमचे कार्ड असते. २०१४ साली सुरू झालेल्या जनधन योजनेत त्याच्या पत्नीचे खाते उघडलेले असते. त्या योजनेतील खाती २०२३ साली पन्नास कोटींवर गेली, म्हणजे खात्यांचा दुष्काळ देशात उरलेला नाही. असे असूनही याच गृहस्थाला घरच्या पडवीत वेल्डिंगचे यंत्र बसवावयाचे झाले, की तो गावातल्या सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसतो. असे का घडते, एवढाच आमच्या भाषणाचा प्रश्न आहे.

सावकाराचा दर आपणांस सांगावयास नको. शेकडा पाच हा खेड्यात मवाळ समजला जाणारा दर, आणि तो महिन्याचा असतो, वर्षाचा नव्हे. दहा हजार रुपयांवर महिना पाचशे, वर्षाचे सहा हजार. आणि वर्षाअखेर मूळ दहा हजार जागच्या जागी. उलट त्याच गावात, त्याच आळीत, ज्याच्या नावे सातबारा आहे त्या शेतकऱ्यास विकास सेवा सोसायटीतून पीककर्ज मिळते, आणि २०२१ पासून महाराष्ट्रात केंद्र व राज्य यांच्या व्याजसवलती मिळून, वेळेवर फेडणाऱ्यास ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज शून्य टक्क्याने पडते. शेतकऱ्यास हे मिळते याबद्दल आमची तक्रार नाही. त्यासाठी दोन पिढ्यांनी झगडा केलेला आहे. परंतु एका भिंतीअलीकडे शून्य आणि पलीकडे शेकडा साठ, हा फरक कोणत्या गुणावरून पडला? कष्टावरून नाही, सचोटीवरूनही नाही. तो पडला एका कागदावरून.

येथे थोडा जुना इतिहास पाहिला पाहिजे.

बलुत्याच्या व्यवस्थेत आपल्या वाडवडिलांचे स्थान काय होते याचा आम्ही पुष्कळ दिवस विचार करीत आलो आहोत. सुताराने वर्षभर नांगर, कुळव, पाभर, गाडीचे जू दुरुस्त करावयाचे. लोहाराने फाळ शेवटावयाचे, विळे-खुरपी पाजवावयाची. आणि त्याचा मोबदला सुगीनंतर खळ्यावर पेंढ्यांच्या अथवा धान्याच्या रूपाने घ्यावयाचा. हिशेबाच्या भाषेत याचा अर्थ इतकाच की, आपला कारागीर गावाला दहा-अकरा महिने उधार देत होता. तोही बिनव्याजी, बिनकागदी. आणि पीक बुडाले तर उधारीसुद्धा बुडाली. वास्तविक गावाचा धनको तो होता. पण गावाने त्याला कधी धनको म्हटले नाही. खळ्यावर उभे राहून हात पसरणारा म्हणूनच ओळखले. हा केवळ मानापमानाचा प्रश्न असता तर आम्ही तो आज उकरून काढला नसता. त्याचा परिणाम पुढे पैशाच्या व्यवहारावर झाला, तो असा.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर होता. ते हिसकावून जाळण्यात आले, आणि पुणे व अहमदनगर या जिल्ह्यांतील गावोगावी तेच घडले. सरकारने चौकशी नेमली आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. कायद्याने सावकाराचा हात थोडा अडविला. पण सावकाराऐवजी कर्ज द्यावयाचे कोणी, या प्रश्नाचे उत्तर त्यात नव्हते. ते उत्तर जर्मनीतून आले. फ्रीड्रिख रायफायझेन नावाचा एक ग्रामाधिकारी तिकडे होता. दुष्काळात गरिबांना नुसता धर्मादाय वाटून भागत नाही असा त्याला अनुभव आला, आणि पुढे १८६४ साली त्याने खेड्यापुरती पतपेढी काढली. तिचे मर्म असे की, गावातील सभासदांनी एकमेकांच्या कर्जाला आपल्या सर्वस्वानिशी जामीन राहावयाचे. ज्याच्यापाशी तारण नाही त्याची शेजाऱ्यांना असलेली ओळख हेच त्याचे तारण. हिंदुस्थान सरकारने १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा केला तो याच विचारावर.

आमच्या मते मूळ कल्पना इतकी निर्मळ होती की, ती जशीच्या तशी आपल्या खेड्यांत उतरती तर आज आम्हांस हे भाषण करावे लागले नसते. पण खेड्यात उतरताना तिच्यातील ‘ओळख’ हा शब्द गळाला आणि त्याच्या जागी ‘जमीन’ हा शब्द आला. सोसायटीने कर्ज द्यावयाचे ते जमिनीच्या तारणावर. सभासद होईल तो खातेदार. सुताराच्या रंध्याला, लोहाराच्या भात्याला, मजुराच्या दोन हातांना, वाट्याने दुसऱ्याचे शेत करणाऱ्याला आणि घरोघरच्या बायामाणसांना त्या दाराशी जागा नव्हती.

या पद्धतीने शेतकऱ्याचे तरी भागले काय? स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या गोरवाला समितीने १९५१-५२ साली देशभरातील ७५ जिल्ह्यांतील ६०० गावे निवडून पाहणी केली. समितीत आपले धनंजयराव गाडगीळ होते. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालातील आकडे आजही वाचण्यासारखे आहेत. शेतकऱ्याने काढलेल्या शंभर रुपयांच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३ रुपये १० पैसे, सरकारचा ३ रुपये ३० पैसे, व्यापारी बँकांचा तर पुरता एक रुपयाही नाही. आणि पेशाने सावकार असलेले व शेती करून सावकारी करणारे यांचा मिळून जवळजवळ ७० रुपये. कायदा होऊन पन्नास वर्षे लोटल्यावरची ही स्थिती! समितीने सहकाराचे अपयश स्पष्ट शब्दांत मान्य केले आणि तरीही सहकारावाचून तरणोपाय नाही असा निष्कर्ष काढला. जमिनीऐवजी उभे पीक पाहून कर्ज द्यावे, आणि कर्ज देणारी संस्था व माल विकणारी संस्था यांची सांगड घालावी, हा तिच्या शिफारशींचा गाभा.

ती सांगड कोल्हापूर जिल्ह्याने जशी घातली तशी थोड्याच जिल्ह्यांनी घातली असेल. ऊस कारखान्याला जातो, कारखाना उसाच्या बिलातून सोसायटीची रक्कम कापून घेतो, सोसायटी जिल्हा बँकेची बाकी भागविते. कर्ज वसूल करावयास कोणाच्या दारी जावे लागत नाही. दुधाचेही तसेच. १९६३ साली कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ स्थापन झाला. ज्या घरात गुंठाभर जमीन नाही, त्या घरातील बाईसुद्धा एक म्हैस पाळून दहा दिवसांनी दुधाचे बिल हातात घेऊ लागली. आणि दर दहा दिवसांनी येणारे बिल ही एक प्रकारची पतच होय. आपल्या समाजातील कित्येक घरे त्या म्हशीवर तरली आहेत. या सर्वांचा आम्हांस अभिमान वाटतो. तथापि रंधा आणि ऐरण यांना असे बिल नाही. कारागिराचे गिऱ्हाईक आज येते, उद्या येत नाही, आणि त्याच्या बिलातून हप्ता कापून घेणारा कारखाना कोठेच नाही.

आता एक घरची गोष्ट सांगतो. ती सांगावी की नाही, याविषयी आमच्या मनात बरेच दिवस द्वैत होते.

१९७० च्या सुमारास, आम्ही शाळेत असताना, आमच्या वडिलांनी विजेवर चालणारी पट्टीची करवत घेण्याचे मनावर घेतले. गावात नुकतीच वीज आली होती. लोखंडी नांगराने लाकडी नांगर कधीच मागे सारला होता, आणि रंध्याच्या कामावर घर चालेनासे झाले होते. दारे-खिडक्या, कॉट, टेबले करावयाची तर यंत्र हवे. वडील गावच्या सोसायटीत गेले. तेथे त्यांनीच पूर्वी घडविलेल्या टेबलापलीकडे बसलेल्या गृहस्थांनी त्यांना मोठ्या आदराने सांगितले, ‘सुतारमामा, तुमच्यासारखा शब्दाचा माणूस गावात नाही, पण सातबारा कुठाय?’ वडील घरी आले आणि काही न बोलता जेवले. दुसऱ्या दिवशी आईने गळ्यातला साज काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. तो सावकाराकडे गेला असता आणि बहुधा परत आला नसता.

पण तिसऱ्या दिवशी शेजारचे एक शेतकरी ओसरीवर आले. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. त्यांची औते आमच्या घरी तीन पिढ्या दुरुस्त होत आली होती. त्यांनी वडिलांना विचारले, ‘किती लागतात?’ आपल्या नावावर सोसायटीतून उचललेल्या रकमेतून त्यांनी करवतीचे पैसे दिले. कागद केला नाही. वडिलांनी ते दोन सुगींत फेडले. व्याज देऊ केले तेव्हा ते म्हणाले, ‘सोसायटीनं माझ्याकडून घेतलं तेवढंच द्या.’ आईचा साज पुढे आमच्या बहिणीच्या लग्नात तिच्या गळ्यात गेला.

सोसायटीने पिकासाठी दिलेला पैसा दुसरीकडे वळविणे नियमाला धरून नव्हते, हे आम्ही जाणतो. त्या गृहस्थांचे पीक बुडाले असते तर काय झाले असते, हाही विचार मनात येतो. पण जे काम करावयास एक आख्खी संस्था उभी होती, ते काम एका शेजाऱ्याने नियम वाकवून केले, ही वस्तुस्थिती उरतेच. आणि ती गोष्ट आठवली की रायफायझेनचा ‘ओळख’ हा शब्द आम्हांस कळतो. तो माणूस आमचा जामीन झाला, कारण तो वडिलांचा हात ओळखत होता.

ज्ञातीने आपल्या माणसांना जामीन व्हावे, ही कल्पना नवी नाही. बडोद्यास १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकर यांनी कायद्याची वाट न पाहता अन्योन्य सहकारी मंडळी स्थापिली. मुंबईत १९०६ साली सारस्वत समाजाचे श्रीपाद सुब्बराव तालमकी यांनी शामराव विठ्ठल यांच्या नावाने सहकारी पतपेढी काढली. स्वजातीयांना सावकाराच्या कचाट्यातून सोडविणे हा तिचा हेतू. त्या पेढीची आज मोठी बँक झाली आहे आणि तिची दारे सर्वांना उघडी आहेत. आपल्या शहरात कोल्हापूर अर्बन १९१३ सालची. त्या काळच्या मंडळींनी सभागृहे बांधण्याआधी पतपेढ्या बांधल्या, हे आम्ही येथे मुद्दाम नमूद करतो. ज्यांना झोंबावयाचे त्यांना झोंबो.

आणि शाहू छत्रपतींची एक गोष्ट या करवीरनगरीत कोणाला ठाऊक नाही? महाराजांच्या पागेत काम करणाऱ्या गंगाराम कांबळे यांना, अस्पृश्य म्हणून, सहकाऱ्यांकडून मार खावा लागला. महाराजांनी (कारकीर्द १८९४ ते १९२२) त्यांना भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान काढण्यास हात दिला. पण अस्पृश्याच्या हातचा चहा प्यावयास येणार कोण? महाराज स्वतः त्या दुकानासमोर गाडी थांबवीत आणि सर्वांदेखत चहा मागवीत. बरोबरच्या मंडळींनाही तो घ्यावा लागे. या गोष्टीचे सामाजिक मोल पुष्कळांनी वर्णिले आहे. आम्ही तिच्याकडे पतीच्या दृष्टीने पाहतो. भांडवल देऊन महाराज थांबले असते तर ते दुकान महिन्यात बसले असते. महाराजांनी आपली पत त्या माणसाच्या पतीस जोडली. जामीन होणे म्हणजे दुसरे काय असते? आणि तो जामीन जातीच्या वेशीबाहेर दिलेला होता.

अलीकडच्या काळातले उदाहरण आपल्या धंद्याच्या अगदी जवळचे आहे. सातारा जिल्ह्यातील म्हसवड या दुष्काळी भागात कांताबाई नावाची एक बाई रस्त्याकडेला लोखंडाचे काम करी. पावसाळ्यात झोपडीवर घालावयास प्लास्टिकचा कागद हवा, म्हणून तिला रोज दहा रुपये बाजूला टाकावयाचे होते. बँकांनी तिचे खाते उघडले नाही; इतक्या लहान रकमेचे खाते परवडत नाही असे त्यांचे म्हणणे. ती श्रीमती चेतना सिन्हा यांच्याकडे गेली, आणि तेथून स्त्रियांची स्वतःची बँक काढण्याचा विचार निघाला. पहिला अर्ज नाकारला गेला. प्रवर्तक स्त्रियांच्या नावापुढे अंगठे होते, सह्या नव्हत्या. त्या बाया लिहावयास शिकल्या, पुन्हा गेल्या आणि म्हणाल्या, आम्हांला मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या अधिकाऱ्यांनी यंत्रावर सांगावे. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आम्हांस या हकीकतीत सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, कांताबाई कर्ज मागावयास गेली नव्हती. ती आपला पैसा ठेवावयास गेली होती, आणि ठेवून घ्यावयासही कोणी तयार नव्हते. गरिबाला कर्जाइतकीच सुरक्षित ठेवीची गरज असते, ही गोष्ट कर्जाच्या योजना आखणारी मंडळी नेहमी विसरतात.

भगिनीवर्गाला हे आम्ही काय सांगावे? तुमच्या भिशीला आम्ही पुरुषांनी फार वर्षे हसण्यावारी नेले. वीस जणींनी महिना हजार रुपये काढावयाचे, चिठ्ठीत नाव निघेल तिने वीस हजार उचलावयाचे. कोणाची शिलाई मशीन आली, कोणाच्या मुलाची फी भरली. एकही कागद नाही, आणि बुडविणारीला गल्लीत तोंड दाखवावयास जागा नाही. १९९२ साली नाबार्डने बचत गटांना बँकांशी जोडण्यास आरंभ केला, तो याच ओळखीच्या बळावर. बांगलादेशात महंमद युनूस यांनी १९७६ साली जोब्रा गावातील बेचाळीस माणसांना मिळून अवघे सत्तावीस डॉलर दिले. बांबूच्या बैठका करणाऱ्या बाया त्यांत होत्या. त्यातून १९८३ साली ग्रामीण बँक झाली आणि २००६ साली त्यांना व त्या बँकेला नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु याच पद्धतीचे रूप पालटून नफ्यासाठी कर्ज वाटणाऱ्या कंपन्या निघाल्या. एका बाईवर तीन-तीन कर्जे झाली, आणि आंध्र प्रदेशात २०१० साली सरकारला वटहुकूम काढून त्यांच्या वसुलीस आळा घालावा लागला. ओळख हे जसे तारण तसाच तो फासही होऊ शकतो. शेजारणीने हप्ता चुकविला म्हणून तिच्या दारात इतर चौघींना बसावयास लावणे याला आम्ही सहकार म्हणणार नाही.

प्रसंगाने पतसंस्थांविषयीही एक इशारा द्यावा लागतो. आपल्यापैकी कित्येकांची पिग्मी चालू आहे. ही पद्धत उडुपीकडे १९२८ साली निघाली. रोज दोन आणे जमा करावयास माणूस दुकानाच्या दारी येई. पद्धत उत्तम. तथापि बँकेतील ठेवीला २०२० पासून ५ लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे, आणि पतसंस्थेतील ठेवीला ते नाही, हे किती जणांना ठाऊक आहे? दोन टक्के अधिक व्याजासाठी आयुष्याची पुंजी एका ठिकाणी ठेवून ती गमावलेली माणसे आमच्या पाहण्यात आहेत. नावे आम्ही घेत नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. कारागिरासाठी आज योजना नाहीत असे नाही. २०१५ साली मुद्रा योजना आली. २०२३ च्या सप्टेंबरात पंतप्रधान विश्वकर्मा योजना आली. तीत सुतार आणि लोहार यांची नावे अठरा व्यवसायांत स्पष्ट घातलेली आहेत. पहिले कर्ज १ लाखाचे, ते फेडल्यावर दुसरे २ लाखांचे, व्याज शेकडा ५, वर्षाचे बरे का, महिन्याचे नव्हे, तारण नाही. कागदावर हे सर्व चोख आहे. पण गावातला आपला माणूस बँकेच्या शाखेत जातो तेव्हा त्याला दर, यंत्राचे दरपत्रक, उद्योगाची नोंदणी, जुना हप्ता थकला होता काय, असे दहा प्रश्न विचारले जातात. तो गोंधळतो आणि ‘परत येतो’ म्हणून बाहेर पडतो तो पुन्हा येत नाही. पतसंस्थेत जातो तर दोन पगारदार जामीनदार आण म्हणतात. ज्याच्या सात पिढ्यांत पगारदार झाला नाही त्याने दोन कोठून आणावे?

पगारदार येथे आहेत, अध्यक्षमहाराज! या सभागृहात शिक्षक आहेत, महावितरणात आणि एस.टी.त नोकरी करणारे आहेत, निवृत्तिवेतन घेणारे आहेत. आपल्यापैकी पन्नास जणांनी वर्षाला एकेका कुटुंबाची जबाबदारी घेतली, त्याच्याबरोबर एकदा शाखेत जाऊन बसले, आणि जेथे जामीन लागतो तेथे सही केली, तर पन्नास घरे शेकडा साठाच्या दरातून सुटतील. यास इमारतनिधीतील एक पैसाही लागत नाही. दुसऱ्या मजल्याचे काम ज्यांना प्रिय आहे त्यांनी निर्धास्त असावे.

सही करताना हात का कापतो हे आम्हांस पुस्तकातून शिकावयाचे नाही. पंचवीस वर्षांपूर्वी आम्ही एका आप्ताला जामीन राहिलो. तो दुकान मोडून परगावी गेला आणि आमच्या पगारातून चौदा महिने हप्ता कापला गेला. घरात त्यावरून जे बोलणे झाले ते येथे सांगण्यासारखे नाही. पुढे विचार करता आम्हांस आमचीच चूक दिसली. तो आप्त म्हणून आम्ही सही केली होती. त्याचे दुकान आम्ही सहीपूर्वी एकदाही पाहिले नव्हते, सहीनंतरही नाही. आमच्या वडिलांच्या शेजाऱ्याला आमच्याशी रक्ताचे नाते नव्हते, पण त्याने वडिलांच्या हातची तीस वर्षांची औते वापरली होती. नाते म्हणजे ओळख नव्हे. हा धडा आम्हांस चौदा हप्त्यांत पडला.

म्हणून आमच्या सूचनेत दोन अटी आहेत. पहिली, सही करणाऱ्याने अर्जदाराचे कामाचे ठिकाण स्वतः जाऊन पाहावे आणि पहिले सहा महिने दरमहा एकदा जावे. दुसरी अट काही मंडळींना रुचणार नाही: पन्नासांतील दहा कुटुंबे आपल्या ज्ञातीबाहेरची असावीत. वाट्याने शेती करणारी, टोपल्या विणणारी, नवऱ्याच्या पश्चात घर चालविणारी, कोणीही. कार्यकारी मंडळाच्या बैठकीत आम्ही हे मांडले तेव्हा एका सभासदांनी विचारले, ‘आपलीच माणसे उपाशी असताना बाहेरच्यांना कशाला?’ प्रश्न खोटा नाही, आणि त्यांच्या मनात आपल्या माणसांविषयी कळकळ आहे हेही आम्ही जाणतो. परंतु आमच्या घरातली करवत ज्याच्या पैशाने आली, त्याला त्याच्या घरात कोणी हाच प्रश्न विचारला असता तर आम्ही आज या व्यासपीठावर उभे नसतो. त्या सभासदांनी त्यावर काही उत्तर दिले नाही. पण बैठक संपल्यावर आमच्यापाशी येऊन, पहिल्या पन्नासांत आपले नाव घालावे असे त्यांनी सांगितले. दहांच्या अटीला त्यांचा विरोध मात्र कायम आहे, आणि तो त्यांनी सर्वसाधारण सभेत अवश्य मांडावा.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता कार्यालयात या कामाची पहिली बैठक ठेवली आहे. गावाकडील ज्या बांधवांना अर्ज करावयाचा आहे त्यांनी आधारपत्र, बँकेचे खातेपुस्तक आणि घ्यावयाच्या यंत्राचे दरपत्रक बरोबर आणावे. दरपत्रक नसेल तर तसेच यावे, ते उद्यमनगरातून मिळवून देण्याचे काम दोघा तरुणांनी पत्करले आहे. भगिनींनी स्वतःचे खातेपुस्तक स्वतः घेऊन यावे, यजमानांच्या हाती पाठवू नये. आणि जे जामीन राहू इच्छितात त्यांनी येण्यापूर्वी घरी विचारून यावे, एवढी आमची स्वानुभवाची विनंती आहे.